मिटलं ना, मग ‘नाही’ लिही



२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आपल्या खोडदच्या जीएमआरटीत प्रदर्शन भरतं. एरवी शेतातून लांबून दिसणाऱ्या त्या ४५ मीटर व्यासाच्या डिश जवळून बघता येतात. शाळांची पोरं येतात, आसपासच्या गावांतली माणसं येतात. मीही भाचरांना घेऊन जाते. गेल्या खेपेला रांगेत माझ्यापुढं एक बाई उभ्या होत्या. मी जुन्नरच्या कोर्टात वकिली करते हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ताई, पोरानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. असल्या सरकारी ठिकाणी त्याला घेतील का? त्याच्या नावावर पोलिसात एक केस आहे. म्हणजे, होती. बांधावरची. मिटली आता.”

“आहे, म्हणजे होती.” रांगेत उभ्या उभ्या मी त्यांना जे सांगितलं ते अर्धवटच होतं. आज नीट सांगते. कारण हा प्रश्न त्या एकट्या बाईंचा नाही. पहाटे साडेपाचला नारायणगावच्या बाजूला कुठल्याही रस्त्यावर उभ्या राहा, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला सैन्यात, कुणाला रेल्वेत. छाती मोजून होते, लेखी होते, यादीत नाव लागतं, पेढे वाटले जातात. आणि मग एक कागद येतो.

त्या कागदाला राज्य सरकारच्या भाषेत साक्षांकन नमुना म्हणतात. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यालाच अ‍ॅटेस्टेशन फॉर्म म्हणतात. जीएमआरटी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोल केंद्राची, आणि ती संस्था केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली येते. म्हणजे तिथली नोकरी काय, सीमा सुरक्षा दलातली काय किंवा पोस्टातली काय, हा कागद चुकत नाही. फॉर्म भरून दिला की तो चारित्र्य आणि पूर्वइतिहास पडताळणीसाठी आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांकडं येतो, तिथून आपल्या ठाण्यात. ठाण्यातला हवालदार रजिस्टर बघतो, आता तर संगणकावर नाव टाकून बघतो. कधी गावात येऊन पोलीस पाटलांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. आणि अहवाल जातो. जितकं काम नाजूक, म्हणजे हत्यार हातात असेल, गुप्त कागद हाताखालून जाणार असतील, तितकी ही चाळणी बारीक.

फॉर्मच्या अगदी वर एक इशारा छापलेला असतो. खोटी माहिती दिली किंवा खरी माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल, अशा अर्थाचा. तो कुणी वाचत नाही. आमच्याही घरात कुणी वाचला नव्हता.

आता घरातली गोष्ट सांगते. सांगायला जड जातं, पण सांगते.

आमची आणि चुलत्यांची विहीर सामाईक. २००९ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं. दोन्हीकडचे सगळे विहिरीवर. चुलते घसरून पडले की कुणी ढकललं, आजपर्यंत कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मनगट मोडलं एवढं खरं. हाड मोडलं म्हणून कलम ३२५ लागलं, सोबत ३२३, ५०४, ५०६, आणि सगळ्यांना एकत्र बांधणारं ३४. फिर्यादीत आण्णांचं नाव, थोरल्या भावाचं नाव, आणि धाकट्याचंही. धाकटा तेव्हा १९ वर्षांचा. तो त्या वेळी वरच्या बांधावर मोटार बंद करायला गेला होता. पण नावं सांगताना सगळ्या घराची सांगायची, ही आपल्याकडची रीतच आहे. आमच्या आण्णांनीही उलट तक्रार दिली, त्यात चुलत्यांच्या कॉलेजातल्या पोरीचं नाव घातलं. ती तर त्या दिवशी गावातच नव्हती.

२०११ मध्ये लोकन्यायालयात तडजोड झाली. दोन्ही घरांनी एकमेकांना साखर भरवली. तडजोडीचा कायद्यातला परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. आण्णा म्हणाले, मिटलं.

२०१३ मध्ये धाकट्याची एका केंद्रीय दलात निवड झाली. फॉर्म घरी आला तेव्हा मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होते. घरातली शिकलेली मी, म्हणून फॉर्म माझ्यापुढं ठेवला. रकाना असा होता: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर कधी खटला चालला आहे का. भाऊ म्हणाला, “ताई, काय लिहू?” आण्णा म्हणाले, “मिटलं ना, मग ‘नाही’ लिही.” आणि मी, वकील व्हायला निघालेली मी, म्हणाले, “हो, निर्दोषच सुटलायस ना. ‘नाही’ लिही.”

चार महिन्यांनी प्रशिक्षण केंद्रातून तो ट्रंक घेऊन परत आला. पत्रात मारामारीबद्दल एक अक्षर नव्हतं. माहिती दडवली, एवढंच कारण होतं. तो आज पिकअप चालवतो, टोमॅटोच्या दिवसांत रात्र रात्र नारायणगावच्या बाजारात असतो. माझ्याशी बोलतो, हसतो. त्या फॉर्मचा विषय त्यानं परत काढलेला नाही. मीच काढते, लोकांपुढं.

चूक कुठं झाली बघा. आम्ही समजलो की फॉर्म विचारतोय, “तू गुन्हेगार आहेस का?” त्याचं उत्तर ‘नाही’च होतं. पण फॉर्म ते विचारतच नाही. तो विचारतो, “असं कधी घडलं होतं का?” त्याचं उत्तर ‘हो’ होतं, आणि पुढच्या ओळीत ‘तडजोडीनं निर्दोष’ असं लिहायला जागाही होती.

सनद मिळाल्यावर मी निकाल वाचायला लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा एक निकाल हाती आला. दिल्ली पोलिसात हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणारा एक तरुण. घरच्यांचं भाडेकरूशी भांडण झालेलं, कलम तेच ३२५ आणि ३४, तडजोड झालेली, आणि त्यानंही फॉर्मवर ‘नाही’च लिहिलेलं. न्यायालयानं त्याला माफ केलं. विशीतल्या पोराच्या चुकीकडं जरा उदार नजरेनं बघायला हवं, असं न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंनी लिहिलं. आमच्या घरचीच गोष्ट कुणी लिहून ठेवावी तसं ते. मी तो निकाल घेऊन भावाकडं गेले. तो म्हणाला, “राहू दे ताई.” वकिलाचा, दिल्लीचा, वाट बघण्याचा खर्च त्यानं मनातल्या मनात मोजला असणार.

पण मैत्रिणींनो, हा एकच निकाल सांगून थांबले तर फसवणूक होईल. २०१३ मध्ये त्याच न्यायालयानं दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या एका प्रकरणात उलटं सांगितलं. तिथल्या उमेदवारांनी केस लपवली नव्हती, खरं लिहिलं होतं, आणि सुटलेही होते. तरीही न्यायालय म्हणालं, पोलीस दलात कुणाला घ्यायचं हे तपासायचा अधिकार छाननी समितीला आहे, आणि साक्षीदार उलटल्यानं किंवा तडजोडीनं सुटणं हे निष्कलंक सुटण्यासारखं नेहमीच धरता येणार नाही. म्हणजे एकीकडं लपवलेल्याला माफी, दुसरीकडं सांगितलेल्याला नकार. असे उलटसुलट निकाल साठले, तेव्हा प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढं गेला.

त्यांचा निकाल आला २१ जुलै २०१६ ला. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. हे नाव लिहून ठेवा, तुमच्या वकिलालाही ते माहीत असेल. त्यात बरंच काही आहे, आपल्या कामाचं तेवढं सांगते. फॉर्ममधली माहिती खरी हवी, हे पहिलं. लपवलं, पण केस अगदी किरकोळ होती, जसं तरुण वयात घोषणा दिल्या, आणि तिचा निकाल आधीच लागलेला होता, तर साहेबांना चूक पोटात घालता येते. खरं लिहिलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं नाही. पूर्वइतिहास बघायचा हक्क सरकारला राहतोच. खटला चालू आहे, तो किरकोळ आहे आणि तुम्ही तसं लिहिलंय, तर परिस्थिती बघून खटल्याच्या निकालाच्या अटीवर नेमणूक देता येते. एकापेक्षा जास्त केसेस चालू असताना जाणूनबुजून दडवल्या तर मात्र त्या दडवण्यालाच वजन येतं. नोकरीत कायम झालेल्याला या कारणावरून काढायचं तर आधी खातेनिहाय चौकशी करावी लागते. आणि एक मुद्दा मला फार आवडतो: फॉर्मनं प्रश्न स्पष्ट विचारायला हवा. जे नेमकं विचारलं तेवढंच सांगायचं बंधन आहे, आणि जे उमेदवाराला ठाऊकच नव्हतं ते त्यानं दडवलं असं म्हणता येत नाही.

‘ठाऊकच नव्हतं’ हे आपल्याकडं खरंच घडतं. चुलत्यांच्या त्या पोरीला आपलं नाव पोलिसांत आहे हे कळलं ते तीन वर्षांनी.

महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगते. २००९ मध्ये एका तरुणाची न्यायाधीश म्हणून निवड झाली, कनिष्ठ स्तरावर. काही वर्षांपूर्वी, २१ वर्षांचा असताना, त्याचं नाव मुलीला पळवून नेल्याच्या एका गुन्ह्यात आलं होतं. मुख्य आरोपी त्या मुलीबरोबर ज्या रिक्षात होता, तिच्या मागच्या रिक्षात हा बसला होता, एवढाच त्याच्यावरचा आरोप. २००४ मध्ये तो सुटला. त्यानं केस लपवलीही नव्हती. तरी निवड रद्द झाली. त्याच यादीतल्या दुसऱ्या एका उमेदवाराला मात्र केस असून नेमणूक मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की जुनी गोष्ट माणसाच्या गळ्यात कायमची बांधून ठेवणं हा दर वेळी न्याय होत नाही, याच्या नावाचा पुन्हा विचार करा. निवड २००९ ची, निकाल २०१८ चा. मधली नऊ वर्षं कुणी परत देत नाही.

म्हणून माझं म्हणणं कोर्टापर्यंत जायच्या आधीच्या गोष्टींबद्दल जास्त आहे. त्या आपल्या घरात, आपल्या ओट्यावर ठरतात, आणि त्यात आपलं, बायांचं, बोलणं चालतं.

पहिली गोष्ट नावांची. भांडण झालं, डोकी तापलेली असतात, ठाण्यात लिहून घेणारा विचारतो, अजून कोण कोण होतं? तेव्हा जो नव्हता त्याचं नाव सांगू नका. तुमच्याकडच्या पुरुषांना थांबवा. समोरच्यांच्या पोराचं नाव तुम्ही घातलं की उलट तक्रारीत तुमच्या पोरीचं येतं. नव्या कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले, ३४ च्या जागी आता ३ चं पोटकलम ५ आलं, पण सगळ्यांना एका दोरीत बांधायची सोय तीच आहे.

हेच सासरच्या छळाच्या तक्रारीला लागू. इथं मला नीट समजून घ्या. जिला मारहाण होतेय तिनं एक दिवसही गप्प बसू नये, आणि ज्यानं हात उचलला, ज्यानं पैसे मागितले, त्या प्रत्येकाचं नाव सांगावं, मग ती सासू असो की नणंद. पण जी नणंद पुण्यात हॉस्टेलवर होती तिचं नाव वजन वाढवायला घालू नये. अशा मोघम नावांमुळं मूळ तक्रारच कोर्टात पातळ होते, हे मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट कागदाची. केस मिटली की आपण पेढे वाटतो आणि कागद कोर्टातच राहतो. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल काढून ठेवा. थोडा खर्च येतो, थोडी चक्कर पडते. दहा वर्षांनी फाईल शोधायला गेलात तर दमछाक होते. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकून आपल्यावर काही खटला आहे का हेही बघता येतं. भरतीला उतरायच्या आधी एकदा बघाच.

लॉकडाऊनच्या वेळचं आठवतं? मास्क नाही, विनाकारण फिरला, असं म्हणून कलम १८८ खाली ढिगानं गुन्हे नोंदले गेले. त्यात कॉलेजची पोरं पुष्कळ. पडताळणीत ती अडकायला लागली, तेव्हा मार्च २०२२ मध्ये हे गुन्हे मागे घ्यायचं गृहखात्यानं जाहीर केलं. तेव्हा गृहमंत्री आपल्या शेजारच्या आंबेगावचे आमदार, दिलीप वळसे पाटील होते. चांगला निर्णय. पण गुन्हा मागे घ्यायचं जाहीर होणं वेगळं आणि तो प्रत्यक्ष मागे घेतला जाणं वेगळं. खटला कोर्टात उभा असेल तर सरकारी वकिलानं अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टानं परवानगी द्यावी लागते. आंदोलनांतल्या गुन्ह्यांचंही असंच. पेपरात बातमी वाचून ‘नाही’ लिहू नका. आपल्या केसचा हुकूम झाला का ते बघा.

तिसरी गोष्ट फॉर्ममधल्या शब्दांची. फॉर्म बऱ्याचदा इंग्रजीत असतो आणि पोरं शरमेनं विचारत नाहीत. ‘अरेस्टेड’ म्हणजे अटक. लगेच जामिनावर सुटला तरी अटक ती अटक. ‘प्रॉसिक्युटेड’ म्हणजे दोषारोपपत्र कोर्टात जाऊन खटला उभा राहिला. पुढं सुटला तरी उत्तर ‘हो’. ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरला. सुटलेल्या माणसाचं इथं उत्तर ‘नाही’, आणि ते बेधडक लिहावं. ‘फाइन्ड’ म्हणजे कोर्टानं दंड केला. ‘पेंडिंग’ म्हणजे आजच्या तारखेला खटला चालू आहे. आणि ‘बाउंड डाउन’. हा शब्द फसवा आहे. ग्रामपंचायत निवडणुकीच्या तोंडावर तरुण पोरांना कलम १०७ च्या नोटिसा येतात, आता ते नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालंय. तहसीलदारांपुढं जाऊन, शांतता राखीन, असा बाँड देतात आणि घरी येऊन जेवतात. कुणाच्या लेखी ती केसच नसते. पण तसा बाँड द्यायचा हुकूम झाला असेल तर ‘बाउंड डाउन’च्या पुढं ‘हो’ येतं.

‘हो’ लिहिलं की खाली गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, कोर्टातला खटला नंबर, निकालाची तारीख, आणि सोबत ती नक्कल. कहाणी लिहू नका, विहिरीचा इतिहास लिहू नका. फॉर्म दिल्यानंतर काही घडलं, गुन्हा दाखल झाला, अटक झाली, तर तेही लगेच लेखी कळवायचं असतं. बहुतेक फॉर्मच्या तळाला तशी सूचना असते, वरच्या इशाऱ्यासारखीच न वाचलेली.

आणि गुन्हा अठरा वर्षांच्या आतला असेल तर घाबरून जाऊ नका. बाल न्याय कायदा, २०१५, त्याचं कलम २४ सांगतं की मूल म्हणून ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं त्याला पुढं त्यामुळं अपात्र ठरवता येत नाही. अपवाद आहे, सोळा वर्षांवरच्या मुलावर गंभीर गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चालला तर. पण बांधावरच्या भांडणाला तो अपवाद लागत नाही. अशा मुलानं फॉर्मवर काय लिहायचं ते मात्र वकिलाला विचारूनच लिहावं.

वकिलाला विचारायचं म्हणजे पैसे, असं तुम्ही म्हणाल. जुन्नरला कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, घोडेगावलाही आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मुलाच्या केसमध्ये तुमचं नाव नसेल तर वकील तुम्हाला मिळणार नाही, पण सल्ला विचारायला कुणी अडवत नाही. जाताना फॉर्मची कोरी प्रत आणि केसचे असतील नसतील ते सगळे कागद पिशवीत घालून न्या. भरलेला फॉर्म घेऊन येतात माणसं, आणि मग माझ्या हातात खोडायला रबर नसतं.

त्या रांगेतल्या बाई पंधरा दिवसांनी मुलाला घेऊन आल्या. नक्कल काढलेली नव्हती, ती काढायला दीड महिना गेला. मुलानं एका सरकारी खात्याचा फॉर्म माझ्यासमोर बसून भरला. ‘प्रॉसिक्युटेड’च्या पुढं ‘हो’ लिहिताना त्याचा पेन थांबला. आईकडं बघितलं. आई म्हणाली, “लिही.” फॉर्म गेलाय. उत्तर अजून आलेलं नाही.